उकळलेले खडे

१७ मार्च

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझी आणि तुझ्या आईची तब्येत बरी असेल. चिरंजीव वेळेवर जेवतात, बोलत मात्र नाहीत. माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात.

पत्राला कारण तुझी माशांची टाकी. तू गेलीस त्याच आठवड्यात मी ती साफ केली. काचेवरचा हिरवट थर बघून माझे हात शिवशिवले. मासे पातेल्यात काढले, सगळं पाणी ओतून दिलं, झाडं उपटून पालेभाजीसारखी तीन पाण्यांतून काढली, फिल्टरचा स्पंज साबणाने घासला आणि तळाचे खडे चक्क उकळले. टाकी अशी लखलखली की मी शेजारणीला बोलावून दाखवली. तिसऱ्या दिवशी चार मासे उलटे तरंगत होते.

मासेवाल्या दुकानदाराकडे गेले, तर त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "आजी, त्या स्पंजच्या चिकटपणातच पाणी चांगलं ठेवणारे जंतू असतात. ते तुम्ही धुऊन टाकलेत."

जंतू चांगले असतात हे मी सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकलं!

आता त्याने सांगितलं तसंच करते. रविवारी नळीने फक्त पाव टाकी पाणी काढायचं. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा, नळाखाली धरायचा नाही. नवं पाणी औषधाचे थेंब टाकून हळूहळू सोडायचं. पिवळी पानं तेवढी कापायची, मुळांना हात लावायचा नाही. समोरची काच पुसते, मागची हिरवी तशीच राहू देते. पहिल्या रविवारी हात पाठीमागे बांधून उभी होते, हसू नकोस.

आडून आडून बोलणं मला जमत नाही, तरी एवढा वेळ तेच केलं.

तुझ्या बाबांचा तपकिरी स्वेटर. ते गेल्यापासून तू तो पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवला होतास. मला वाटलं, धुवायचा राहिलाय. गरम पाण्यात भिजवला, वाळवला, घडी घालून तुझ्या पलंगावर ठेवला आणि वर कौतुकाची वाट बघत बसले. तू तो नाकाला लावलास, आणि बॅग भरलीस. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "धुतल्या कपड्यावरून रुसली." त्यात तुझे बाबा होते, हे मला चार मासे मेल्यावर कळलं. माझं चुकलं गं. फार चुकलं.

उरलेले सात मासे खातात-पितात. मधल्या झाडाला नवं पान आलंय, नखाएवढं.

परत ये म्हणायला मला तोंड नाही. एकच सांगते. दर सोमवारी मी घरातल्या सगळ्या चादरी, अभ्रे धुवायला काढते. तुझ्या उशीचा अभ्रा सात आठवडे झाले, काढलेला नाही. चिरंजीव त्याच उशीवर डोकं ठेवून झोपतात.

तू जिला आई म्हणायचीस, ती