कुटाराच्या खोलीची कडी

राळेगाव,
४ जानेवारी १९५९

चि. उकंडास,
ताईचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. तुझे भाऊजी खोकतात आणि वर बिडीही ओढतात. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

न्यायला येऊ का, असं तू विचारलंस. त्याकडे येते. आधी हे वाच, तुझी पंचफुला बरी आहे.

तू तिला माझ्याकडे सोडून गेलास तेव्हा ती उशीला गेलेली लेक सुजाता समजून पाजत होती. "नदीतले देव लेकीले बोलावून राह्यले," म्हणत होती. मी दुसऱ्याच दिवशी मोटारीत बसवून तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ताप पाहिला, डोक्याला मार लागला का विचारलं. मग म्हणाले, "याआधी कधी असं झालं होतं? घरात काय घडलं?" लेक हगवणीनं गेली आणि ही रडलीच नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "धक्क्यानं मन ढासळलंय. बहुतेक लौकर सावरेल. गोळ्या, झोप आणि जवळ मायेचं माणूस, एवढं सांभाळा."

गोळ्यांनी ती झोपू लागली. एका सकाळी भाकरी थापता थापता सुजाताचं नाव घेऊन जी रडली! मीही तिच्या गळ्यात पडून रडले. तेव्हापासून ती माणसात आली. गोळ्या अजून चालू आहेत, बंद करायच्या नाहीत.

आता तुझं. बौद्ध होताना घरातले देव नदीत सोडले म्हणून हे झालं, असं गाव म्हणेल, याची तुला धास्ती. भगताला दारात उभं केलं नाहीस, शाबास माझ्या भावा. पण दवाखान्यातही नेली नाहीस. कुणाला दिसू नये म्हणून तिला गुरांचं कुटार, भुसा ठेवायच्या खोलीत बाहेरून कडी लावून कोंडलीस. बैठकीत भाषणं करणारा तू! समोर असतास तर कान उपटला असता. लेकरू तुझंही गेलं रे, ते कळतं मला. म्हणून तर एवढं लिहितेय.

मला वाटलं होतं, तिला त्यातलं काही आठवत नसेल. सगळं आठवतं. इथे ती थंडीतही दार उघडं ठेवून झोपते. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "ताई, मले राग नाही. पण त्या खोलीची कडी काढून आना म्हना त्यायले. मंग जाईन मी."

तेव्हा लुगडं नको, पेढे नकोत. कडी उखड, पिशवीत घाल आणि ये.

तुझ्या वाटेकडे आणि तुझ्या पिशवीकडे डोळे लावून बसलेली,
ताई सत्यशीला