नवं, सुधारित पॉलिश

ता. १२ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन महिन्यांत आलेलं नाही, तेव्हा आधी रागावून घेते आणि मग कामाचं लिहिते. रागावले. आता कामाचं.

बाबांची तब्येत बरी आहे, डोळे मात्र फार अधू झालेत. वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते, तुझी पत्रंही. तरी मागच्या खोलीतली शेगडी रोज सकाळी पेटते. गरम पाण्याच्या पातेल्यात मेणाचं भांडं, मग काजळी, आणि शेगडी विझवून झाल्यावर टर्पेंटाईन. मला त्यात अजून हात घालू देत नाहीत. माझं काम डब्या भरायचं आणि झाकणावर रंगाचा ठिपका द्यायचं, काळ्याला काळा, तपकिरीला तपकिरी. चाळिशी उलटली तरी बढती नाही.

काळजीचं असं की बुटाचं पॉलिश पडून राहायला लागलंय. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या कंपनीचं आलं आहे, डबीवर टाय लावलेला माणूस. दुकानदार म्हणतो, लोक नुसतं त्या माणसाकडे बोट दाखवतात. बाबांचं म्हणणं एकच, ज्याला शंका असेल त्याला माझ्याकडे पाठवा. तुला आठवत असेल, नवीन गिऱ्हाइकाचा फक्त डावा बूट पॉलिश करून द्यायचे आणि दिवसभर फिरून या म्हणायचे. संध्याकाळी तो माणूस उजवा पाय पुढे करत परत यायचा. आता एवढा वेळ कुणाला आहे? शिवाय एका बुटाने चमकत फिरायची लोकांना लाज वाटते.

तू जगाच्या साबणांना आणि बिस्किटांना नावं शोधून देतोस, घरच्या पॉलिशलाही एखादं शोध. दोन डब्या पाठवते आहे. नेमाने येतात ते एकटे मोचीकाका. चौकातून रिकामी डबी घेऊन यायचं, ती भरून घ्यायची आणि बाबांशी तासभर गप्पा मारायच्या, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम आहे. पण त्यांच्या एकट्याच्या डबीवर घर चालणार नाही.

लोभ आहेच, तुझ्याकडचा अधूनमधून कळवत जा.

तुझी,
ताई


ता. २७ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

रागावणं पोचलं. आता हे वाच आणि हस. तुझ्या एका डबीला मी हिरवा कागद चिकटवला आणि आमच्या चित्रकाराकडून त्यावर सोनेरी अक्षरांत नाव लिहून घेतलं, ‘आरस्पानी’. दुसरी डबी होती तशीच ठेवली. मग ऑफिसातल्या अकरा जणांचे डावे बूट ठिपक्याच्या डबीतून पॉलिश केले आणि उजवे हिरव्या डबीतून, त्यांच्या डोळ्यांदेखत. दोन्हींत पॉलिश बाबांचंच, एकाच भांड्यातलं.

अकरापैकी नऊ जणांना उजवा बूट जास्त चमकदार वाटला. हिशेबनीस म्हणाले की हिरव्याला वाससुद्धा उंची आहे. एकाने तर डावा बूट सकाळपासून चावतोय अशी तक्रार केली. मी पोट धरून हसलो. हे मात्र बाबांना वाचून दाखवू नकोस, त्यांना ते हसण्यासारखं वाटणार नाही.

तेव्हा नाव ठरलं. कागद मी इथून छापून पाठवतो. किंमत दुप्पट ठेव. घाबरू नकोस, स्वस्त ठेवलीस तर सोनेरी अक्षरांवर कुणाचा विश्वास बसणार नाही. बाबांना सांग, बाकी काही बदलायचं नाही. पॉलिश आहे तसंच राहू दे.

बढतीचा अर्ज मिळाला, विचार चालू आहे. लोभ आहे त्याहून थोडा वाढला तर हरकत नाही.

तुझा,
धाकटा


ता. १५ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या हिरव्या डब्या दुकानात ठेवल्या आणि आठवड्यात संपल्या. दुकानदार स्वतः घरी आला, आणखी द्या म्हणाला. जो माणूस आम्हाला रस्त्यात ओळख देत नव्हता तो बाबांना चक्क नमस्कार करून गेला.

बाबांनी कागदावरून बोट फिरवलं आणि काय काय लिहिलंय ते विचारलं. मी नाव वाचलं, ते त्यांना आवडलं, दोनदा म्हणून पाहिलं. खाली बारीक अक्षरांत ‘नवे, सुधारित’ असं आहे, तेही वाचलं. त्यावर त्यांनी विचारलं की सुधारलं काय. असं लिहितात म्हणून मी वेळ मारून नेली. तू मला आधी सांगितलं असतंस तर काहीतरी तयार उत्तर ठेवलं असतं.

पण खूश आहेत. परवा मी मागच्या खोलीत गेले तर शिट्टी वाजवत होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ऐकली. तुला हे कळवायलाच लिहायला बसले.

असाच लोभ कामाला लाव.

तुझी,
ताई


ता. ४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

शिट्टीचं वाचून फार बरं वाटलं. बाबा शिट्टी वाजवतात हेच मला ठाऊक नव्हतं.

‘सुधारित’चं मनावर घेऊ नका. आम्ही ते सगळ्यांवर लिहितो, साबणावर, खिळ्यांवर, परवा एका झाडूवरसुद्धा लिहिलं. आपण पत्रात इकडचं सर्व ठीक असं लिहितो ना, तसंच ते. कुणी तपासायला येत नाही. वाचणाऱ्याला बरं वाटतं आणि हात डबीकडे जातो, एवढंच त्याचं काम.

बिस्किटांची मोठी जाहिरात माझ्याकडे आली आहे, त्यामुळे सुट्टी लांबली. लोभ धरून वाट पाहा.

तुझा,
धाकटा


ता. १९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. मागच्या आठवड्यात मोचीकाका आले. हातात नेहमीची रिकामी डबी होती आणि दुसऱ्या हातात आपली हिरवी. गिऱ्हाइकं हीच मागतात म्हणून त्यांनी दुकानातून विकत घेतली होती. हे पॉलिश आपल्या नेहमीच्यापेक्षा किती तरी सरस आहे, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबा हसले आणि म्हणाले की दोन्ही एकच आहे, भांडंसुद्धा एकच.

मोचीकाका हसले नाहीत. त्यांनी डबीवरच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि विचारलं की जुन्यात काय वाईट होतं ते आता सुधारलं, आणि तीस वर्षं ते वाईट पॉलिश मलाच का दिलंत. मी ते माझ्या शब्दावर लोकांच्या बुटांना लावलं, असंही म्हणाले. बाबांनी शपथ घेतली. त्यावर ते शांतपणे म्हणाले की डबी खरी असेल तर तुम्ही खोटे, आणि तुम्ही खरे असाल तर डबीवर खोटं छापलंय, ती डबीही तुमचीच. रिकामी डबी तशीच घेऊन गेले. चहाला थांबले नाहीत.

धाकट्या, मी शेजारीच उभी होते रे. नाव शोध म्हणून तुझ्या मागे मीच लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पॉलिश सुधारायला बसले आहेत. डबीवर लिहिलंय ते खरं करायला हवं, असं म्हणतात. मेण कमीजास्त करतात, पुन्हा वितळवतात, दिवसभर त्या वासात बसतात. डोळ्यांतून पाणी येतं. चार दिवस तरी ये. लोभ असेल तर ये.

तुझी,
ताई


ता. २ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरलो. मी ते दोन शब्द विचार करून लिहिले नव्हते गं. हाताला सवय झाली आहे. कागद रिकामा दिसत होता म्हणून लिहिले.

ते शब्द काढून नवे कागद छापले आहेत, याच टपालाने येतील. बाबांना सांग की पॉलिशला हात लावू नका. मोचीकाकांना माझं नाव सांग, सगळा दोष माझा म्हणावं. मी येणारच होतो, पण बिस्किटांचं काम महिनाअखेर संपेल, त्याआधी सोडत नाहीत. हे वाचून तुला काय वाटेल ते मला कळतंय.

लोभ कमी झाला असेल तर तसं लिही, पण लिही.

तुझा,
धाकटा


ता. ११ ऑगस्ट

चि. धाकट्यास आशीर्वाद.

नवे कागद लावून डब्या दुकानात दिल्या. निम्म्या परत आल्या. ‘सुधारित’ लिहिलेलं नाही म्हणजे ही नकली, असं लोकांचं म्हणणं. आपल्याच पॉलिशची आपणच नक्कल केली असं झालं आहे.

बाबांचं सुधारलेलं पॉलिश वाळल्यावर तडकलं. त्यातल्या त्यात बरी एक डबी घेऊन ते काठी टेकत माझ्याबरोबर मोचीकाकांकडे गेले. काकांनी बसायला दिलं, चहा मागवला, डबी ठेवून घेतली. त्यांच्या पेटीत टायवाल्या माणसाची डबी उघडी होती. बाबांना दिसली नाही, मला दिसली.

घरी आल्यावर त्यांनी तुझी जानेवारीपासूनची सगळी पत्रं पुन्हा वाचायला सांगितली, आणि या वेळी काही गाळू नको म्हणाले. मी वाचताना कुठे थांबते ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी वाचलं. अकरापैकी नऊ, इतकंच म्हणाले. मग मला विचारलं की इतकी वर्षं संध्याकाळी जे लोक परत यायचे, ते पॉलिश बघून यायचे, की मी चांगलं आहे म्हणालो म्हणून त्यांना तसं दिसायचं?

आठ दिवस शेगडी पेटलेली नाही. त्यांना आता विक्रीचं काही नाही. पॉलिश चांगलं होतं की नव्हतं, एवढंच हवं आहे. मी चांगलं म्हणाले तर तू घरची, तू म्हणणारच, असं म्हणतात. तू जगाचा माल बघतोस. त्यांना तू स्वतः लिही. लोभ काय तो त्या पत्रात घाल, मला वेगळा नको.

तुझी,
ताई


ता. २० ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

तुम्हाला स्वतंत्र पत्र मी आजवर कधी लिहिलं नाही. ताईच्या पत्रात खाली एक ओळ घालत आलो.

आधी एक कबुली देतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या बॅगेत एक डबी ठेवली होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ही कसली डबी म्हणून विचारलं. मला लाज वाटली. घरी औषध करतात त्याची आहे असं सांगितलं आणि संध्याकाळी दुकानातून टायवाल्या माणसाची डबी आणली. त्यानंतर बारा वर्षं मी तीच वापरली. तुम्ही पाठवत राहिलात, त्या कपाटात ठेवत गेलो.

परवा सगळ्या बाहेर काढल्या. सर्वांत जुनी उघडली आणि खोलीत एकट्याने दोन्ही बूट पॉलिश केले, एक तुमच्या डबीतून, एक त्यांच्या. दिवसभर पायी फिरलो. संध्याकाळी त्यांचा बूट धुळीने मेला होता आणि तुमचा तसाच होता. बारा वर्षं पडून राहिलेलं पॉलिश, बाबा. तुमच्या पॉलिशमध्ये सुधारण्यासारखं काहीही नव्हतं. याहून चांगलं पॉलिश मी पाहिलेलं नाही. हे मी मुलगा म्हणून लिहीत नाही, माल ओळखणारा माणूस म्हणून लिहितो.

मला क्षमा करावी. शेगडी पेटवावी. आशीर्वाद असावेत असं मागायचा हक्क उरला असेल तर मागतो.

आपला,
धाकटा


ता. २८ ऑगस्ट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना सकाळी वाचून दाखवलं. एकदा सबंध वाचलं, मग त्यांनी सांगितलं म्हणून पुन्हा सबंध वाचलं. मला मध्येच थांबावं लागलं, त्यांनी पाणी आणून दिलं.

डबी लपवल्याचं त्यांना खरं वाटलं. तरुणपणी असं होतं, त्याला कळव की मी रागावलेलो नाही, असं म्हणाले. तू ते लपवून इतकी वर्षं मनात ठेवलंस याचंच त्यांना वाईट वाटलं.

मग चांगल्या पॉलिशबद्दलचा भाग त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावला. छान लिहिलंय म्हणाले. टोमणा नव्हता रे, तोंडावर हसूही नव्हतं. अगदी साधेपणाने त्यांनी मला विचारलं की हे धाकट्याला कुठल्या डबीवर छापायचं आहे.

मी पत्राची घडी घातली. तुला यायचं असेल तेव्हा ये, लोभाला काही झालेलं नाही.

तुझी,
ताई