दांडी खरी कोणाची?

मंगळवार, संध्याकाळ

मले काही समजून नाही राहिलं. सकाळी घेतलेला शेअर ठरावीक भावापर्यंत पडला तर आपोआप विकला जावा, असा स्टॉपलॉस मीच लावला होता. भाव तिथं टेकला, शेअर विकला गेला, आणि मग दुपारभर चढतच राहिला. माझ्या चार्टवर त्या पाच मिनिटांच्या कँडलखाली, म्हणजे भावाच्या उभ्या पट्टीखाली, बारीकशी दांडी दिसते; भाव क्षणभर तिथवर उतरून परतला, त्याची खूण. बस, तेवढीच टेकली.

संध्याकाळी मेहुणा आला, प्रशांत. त्यानं आपला फोन काढला. "भाऊजी, माह्या चार्टवर तर दांडीच नाही!"

तोच शेअर, तीच पाच मिनिटं. त्याचे भाव दुसऱ्या एक्स्चेंजचे, दुसऱ्या शेअर बाजाराचे, म्हणे. मग खरा भाव कोणता? सौदे तर दोन्हीकडे झाले ना? उद्यापासून त्याचाच चार्ट लावू? पण माझा शेअर विकला जातो तो इकडच्या भावानं. तिकडे दांडी नसली म्हणून माझा स्टॉपलॉस थोडीच वाचणार! दोन्ही लावू? आणि दोघांचं जुळलं नाही तर ऐकू कोणाचं?

आमचं हेच चालू होतं. शेवटी माझी बायको सुनीता पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काल फायदा झाला तवा दुसरा चार्ट काहून नाही पाह्यला जी?"

प्रशांत हसला. मले हसू आलं नाही. काल मी अशीच एक दांडी पाहून, भाव आता चढणार असं समजून, शेअर घेतला होता. त्याच्या चार्टवर ती असेल का?

तो हात धुवायला उठला. त्याचा फोन माझ्यासमोरच होता, चार्ट उघडा. मी उचलला नाही.