टर्बो, कॉम्प्रेशन आन् भैरोबाचा कौल

५ फेब्रुवारी, सोमवार
न्हाय, मला इंजनातलं कळत न्हाय आसं कुणी म्हणू नये. शाळा चौथीपतुर, पर तीस वर्षं ह्यांच्या शेजारच्या सीटवर काढली. गिअर चुकला की ह्यांच्या आधी मी च्च करायची. हे गेले आन् गाडी माझ्या नावावर झाली. आता आमच्या पोराला, अविराजला, तिला टर्बो बसवायचाय. बसवू दे. दारात उभी राहून गाडी कटाळलीया. मी बी.

त्याच दिवशी, संध्याकाळ
भिगवणला अय्युबभाईच्या गॅरेजात गेलो. ह्यांचा जुना दोस्त, गाडी पहिल्यापासनं त्याच्याच हाताखाली. तो म्हणाला, टर्बो इंजनात जादा हवा कोंबतो, म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हंजे पिस्टन हवा दाबतो तो दाब, उतरवायचं. न्हायतर शिट्टीला आलेल्या कुकरात आणखी वाफ भरल्यागत व्हईल, पिस्टनच जाईल. अविराज म्हणतो, उतरवलं तर टर्बो जागा होईस्तोवर गाडी म्हशीवाणी चालंल. त्यापेक्षा टर्बोचा दाब कमी ठेवू. दोघं एकमेकाला मोबाईल दाखवून भांडले.
मी इचारलं, उतरवायला किती दिस? हेड खोलायचं, पिस्टन बदलायचं, महिना तरी.
१८ तारखेला इंदापूरला स्वरालीचा साखरपुडा हाय. स्वराली म्हंजे माझ्या जावंची, भामाबाईची नात. ह्यांच्या तेराव्याला भामाबाई म्हणाली हुती, आता तुला यष्टीच. त्याचा इथं काय संबंध न्हाय. आपलं आठवलं.

७ फेब्रुवारी
दोघं बोलंनात. निकाल माझ्यावर आला. मी म्हणलं, भैरोबाला कौल लावते. देवाच्या दोन्ही अंगाला फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर कॉम्प्रेशन उतरवा, डावं पडलं तर हाय तसं. आमच्यात सोयरिकी, विहिरी, समदं आसंच ठरतं.
अय्युबभाई म्हणाला, "वैनी, देवाला पिस्टनचं काय इचारायचं?"
मी म्हणलं, तुमच्यापेक्षा त्याच्याकडं गिऱ्हाईक जास्त हाय.

८ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
डावं. दोघांना फोनवर सांगितलं. अय्युबभाई म्हणाला, तुमच्या देवानंच सांगितलं म्हणल्यावर मी कोण. १७ला गाडी देतो.
अविराजनं पेढे आणले. मला एक बी गेला न्हाय. पित्त आसंल. आता ह्या इषयाचा इचार करायचा न्हाय.

९ फेब्रुवारी
इचार केला. पित्तच.

१८ फेब्रुवारी, रविवार
इंदापूरच्या रस्त्याला पुढं भामाबाईची जीप. अविराजला म्हणलं, चुलतीच्या धुरळ्यात माझी पैठणी मळतीया बघ. त्यानं पाय दाबला. गाडी आशी सुटली की माझा पदर मागं गेला. मग डब्यात खडे हलवल्यावाणी आवाज. अविराज म्हणाला, आई, कमी करतो. मी म्हणलं, तिच्या पुढं काढ, मग कर. काढली. भामाबाईकडं बघून हात बी केला.
तितनं पुढं एक किलोमीटर. मग धूर.
भामाबाईनं जीप थांबवून आमाला मागं घेतलं. इंदापूरपतुर एक शब्द बोलली न्हाय. चार टोमणे मारले आसते तर बरं वाटलं आसतं.

२० फेब्रुवारी
पिस्टनला भोक पडलंय. अविराज गॅरेजात चार गिऱ्हाइकांदेखत बोलला, काका, तुमचा हात बिघडला, बाबांची गाडी आता तुमच्या दारात येणार न्हाय. मी तितंच हुते. बाकड्यावर. पिशवीचा बंद सोडत हुते, बांधत हुते.
अय्युबभाई हात पुसत म्हणाला, "चूक माझीच. कुणी बी सांगितलं तरी मी न्हाय म्हणायला पायजे हुतं."
उद्या समदं सांगायचं. नक्की.

२१ फेब्रुवारी
कंबर धरली.

२४ फेब्रुवारी
शनिवार. शनिवारी आसलं बोलू नये.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
शेजारची कुशाबाई सांगत हुती, अय्युबभाईनं इंजनकाम सोडलं. आता नुसतं ऑइल बदलतो. लोक अविराजचं ऐकून गाड्या दुसरीकडं नेत्यात.
आज सांगायलाच गेले. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. कंबर कशी हाय इचारलं. मी म्हणलं बरी हाय. चहाला आलं छान घातलंय म्हणलं. आन् निघाले. तो रस्त्यापतुर सोडायला आला, यष्टीला हात बी त्यानंच केला.

२८ फेब्रुवारी
त्याला न्हाय तर न्हाय, हितं तरी लिहिते. त्या गुरुवारी मी देवळात गेलेच न्हाय. बाहेर पारावर बसून दोन गल्लास उसाचा रस प्याले, आन् घरी येऊन डावं म्हणून सांगितलं.