बारीक झाले ते गोळ्या सोडल्यामुळे

आई,

सकाळच्या एसटीने पालघरला डॉक्टरांकडे जातेय. संध्याकाळपर्यंत परत येईन, घाबरू नकोस. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून लिहून ठेवतेय.

उदासीच्या गोळ्या मी दीड महिन्यापूर्वी कोणालाही न विचारता बंद केल्या. वर्षभरात त्यांनी माझं बारा किलो वजन वाढवलं होतं. मी भात सोडला, रोज मुरब्याच्या किनाऱ्यापर्यंत चालले, डॉक्टरांनी एकदा गोळीही बदलून दिली, तरी काटा हलेना. आता पाच किलो उतरलेत, पण ते घास गिळवत नाही म्हणून. पंधरा दिवस मी कंपनीतही गेलेले नाही. डबा घेऊन निघते आणि बोईसर स्टेशनच्या बाकावर बसून राहते.

काल तू मावशीला फोनवर सांगत होतीस, "आमची भाविका कशी बारीक झाली हाय, आता पावन्यांना पसंत पडंल." किती दिवसांनी तुला हसताना ऐकलं. तेव्हाच सांगणार होते.

डॉक्टर बहुतेक गोळ्या पुन्हा चालू करतील आणि मी पुन्हा जाड होईन. गोळ्यांनी बरं वाटेल असंही आता वाटत नाही, पण त्यांच्याशिवाय सकाळी अंथरुणातून उठवत नाही. रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळव. कारण तुला सुचेल ते सांग.

डाळ-भात झालाय, डाळीत मीठ बघ.

मी आल्यावर हवं तेवढं रागव. फक्त छान दिसतेस असं म्हणू नकोस.

भाविका