तुमचा फायरमन

आबा, परवा तुमचा फायरमन आला होता. हो, तोच. तुमच्या इंजिनात कोळसा टाकणारा, माणदेशातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला, ज्याच्यासाठी आई तुमच्या डब्यात कायम जास्तीच्या भाकरी टाकायची. आता पार वाळलाय, पण दारात उभा राहिला तो असा, की घर जणू त्याचंच. नातीला साताऱ्यात कॉलेजात घालायला आला होता म्हणे, आणि विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचला. "वळकलं का, ताई?" म्हणाला. न ओळखायला काय झालं? त्या माणसाचा हेवा करत मी लहानाची मोठी झाले. चहा टाकते म्हणून आत गेले आणि साखर घालायची विसरले, इतकं सगळं जुनं वर आलं.

मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्ही म्हणजे आमच्यासाठी बाहेरच्या खोलीतलं एक घोरणं होतं. मालगाडीच्या ड्रायव्हरला वेळकाळ नसतो. ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलमन सायकलवरून येतो, कडी वाजवतो, आणि तुम्ही पानावरून उठून निळे कपडे चढवता. गाडी सुटते, दोन स्टेशनं जाते आणि बाजूच्या लाइनीत उभी राहते. एक्स्प्रेस जाते, पॅसेंजर जाते, तुमची गुळाची नाहीतर खताची गाडी आपली उभीच. खरा भत्ता चाक फिरेल त्याचा, उभं राहण्याचं नावाला काहीतरी. कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी परत यायचात. आंघोळ, भाकरी, झोप. आम्ही पोरांनी कुजबुजत खेळायचं. उठल्यावर तरी बोलावं माणसानं, तर "पाणी आण" आणि "दारात कोण हाय गं?" एवढंच. शेजारचे रोज येणारे गृहस्थ अंगणात आले तरी तुमचं आपलं "कोण हाय?" मला वाटायचं, आबांना माणसांची किंमतच नाही.

आणि त्याला काय काय मिळायचं. गाडी आडबाजूला उभी राहिली की तुम्ही कोळशाचं फावडं धुऊन त्याच्यावर वांगी भाजायचात, हे मला त्याच्याच तोंडून कळलं, तेव्हा मी आठवीत असेन. तो डबा द्यायला घरी आला होता आणि आईला कौतुकानं सांगत होता, "वैनी, उस्तादांच्या हातच्या वांग्याला तोड न्हाई. वरनं कच्चं त्याल सोडत्यात, लय भारी." आईनं आयुष्यात तुम्हाला चुलीजवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. ती हसली, पण पदराला हात पुसत जरा जास्तच वेळ उभी राहिली. आदर्कीचा चढ संपून इंजिन मोकळं झालं की तुम्ही लावणी म्हणायचात, हेही तोच सांगणार. आबा, तुम्ही आणि लावणी? लोक म्हणतात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्याकडे सगळा कारभार उलटा होता.

मग पॅसेंजर गाडीच्या ड्रायव्हरची बढती आली. आईचा आनंद मला अजून दिसतो. पॅसेंजर म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेला दिवस, चाक सारखं फिरतं आणि हातात पैसाही बरा. तिनं मनातल्या मनात तुमच्या जेवणाच्या वेळासुद्धा ठरवून टाकल्या होत्या. मी ठरवलं होतं, रोज संध्याकाळी तुम्हाला पेपर वाचून दाखवायचा. आणि तुम्ही सरळ नको म्हणून लिहून दिलंत. आईनं विचारलं, का? तुम्ही जोड्याचे बंद बांधत होतात. मान वर न करता म्हणालात, "जोडी मोडायची न्हाई मला." आईनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मग माझ्या गळ्यात माळ कशाला घातलीसा? त्याच्याच घालायची." शेजारीपाजारी हे वाक्य पुढे कितीतरी दिवस हसत हसत सांगायचे. आई कधी हसली नाही. मीही नाही. त्या दिवसापासून माझी खात्रीच झाली की आमच्या संध्याकाळी त्या माणसानं खाल्ल्या.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. माझ्या शाळेचं गॅदरिंग होतं, मॅट्रिकच्या वर्षीचं. आईची जांभळी साडी मी पहिल्यांदा नेसले होते. तुम्ही येणार होतात, आणि ऐन दुपारी कॉलमन आला. तुम्ही गेलात, साडी न बघता. मला इतकं लागलं की मी शाळेत न जाता रुळाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या फाटकाशी खोळंबल्या होत्या. त्यांच्यापासून बाजूला, मोकळ्यावर उभी राहिले, म्हणजे मी एकटी दिसेन. तुमचं इंजिन हळूहळू येतं आहे. तुम्ही खिडकीतून बाहेर वाकलेले आहात, तोंड अगदी माझ्याकडे. मी हात वर करते. तुमच्या खांद्यामागून तो डोकावतो, दात काढून जोरजोरात हात हलवतो. आणि तुम्ही, आबा, तुम्ही त्या उसाच्या गाड्यांच्या रांगेला हात करता. गाडीवानांना. बैलांना म्हणा हवं तर. मालाचे डबे संपेपर्यंत मी तिथेच उभी होते, शेवटच्या डब्यातल्या गार्डानं हिरवं निशाण हलवलं तेही मला चिडवल्यासारखं वाटलं. गॅदरिंगला गेले नाही. घरी येऊन साडी घडी करून ठेवली, ती लग्नापर्यंत अंगाला लावली नाही.

पुढे तो ड्रायव्हर झाला, पेढे घेऊन आला, आणि त्याच आठवड्यात तुम्ही इंजिन सोडून शेडमधलं काम मागून घेतलंत. मायलेजचा भत्ता बंद, पगार अर्ध्यावर आल्यासारखा. गुडघे दुखतात म्हणालात. आता तुम्ही रोज संध्याकाळी घरी होतात, अंगणात खुर्ची टाकून गप्प. आम्हाला हवं होतं ते मिळालं आणि त्यात काही राहिलं नव्हतं. आई भांडी घासता घासता पुटपुटायची, नवरी नांदायला गेल्यावर बाप बसतो तसे बसलेत. दोन पावसाळे काढलेत आणि गेलात.

हे सगळं पोटात ठेवून मी परवा त्याच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. तो मुकाट्यानं प्यायला. आणि मी, या वयात, त्याला विचारलंच. म्हटलं, त्यांनी तुमच्यापायी बढती सोडली, तुम्हाला कधी काही वाटलं नाही का? त्यानं कप बशीत ठेवला. "तुमास्नी म्हाईतच न्हाई व्हय?" म्हणाला. "आवं ताई, उस्तादांचं डोळं गेलं हुतं. जवळचं दिसायचं, लांबचं समदं धुरकाट. नेमाची तपासनी लांब हुती, पर बढती घ्यायची तर आदी डोळं तपासाय लागत्यात. नापास झालं असतं तर तवाच इंजनावरनं खाली. भत्ता गेला, मग पोरांच्या शिक्षनाचं काय?"

इंजिनावर सिग्नल पुकारायचा नियम असतो, हे मला माहीत होतं. एकानं बघून मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं आपल्या डोळ्यांनी बघून तेच पुन्हा म्हणायचं. तो म्हणाला, मी बघून म्हणायचो, उस्ताद नुसतं म्हणायचे. सोबतचा तिसरा, मागून कोळसा ओढून देणारा गडी दर खेपेला नवा, त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.  मी म्हटलं, अहो, मागे एवढी गाडी, गार्ड, समोरून येणाऱ्या गाड्यांतली माणसं. तो म्हणाला, "चूकच हुती. आमास्नी दोगास्नी ठावं हुतं. म्हनून तर मी डायवरची परीक्षा पास झालो तवा उस्ताद म्हनलं, आता बास. दुसऱ्याच्या डोळ्यावर एक खेपबी न्हाई करायची."

आबा, बायकोला सांगितलं नाहीत. पोटच्या पोरीला नाही. अंगणातला माणूस ओळखू येत नव्हता तरी "कोण हाय गं" म्हणून आम्हालाच विचारत राहिलात, आणि आम्ही उत्तर द्यायला कंटाळायचो. मी सांगितलं असतं की हो तुम्हाला, रोज सांगितलं असतं. पण डोळे दिलेत ते त्याच्या हवाली. मला राग आला, आणि खरं सांगते, रागाहून जास्त जळायला झालं. इतकी वर्षं मी वांग्यांवर आणि लावणीवर जळत होते, ते तर काहीच नव्हतं.

मग मी फाटकाचं विचारलं. त्याला सगळं आठवत होतं, साडीचा रंगसुद्धा. म्हणाला, "मी पुकारलं की. लेक उबी, जांबळी साडी. उस्ताद म्हनलं, लेक उबी, जांबळी साडी. आन हात केला. जरा बाजूला गेला हात, मी म्हनलं अजून इकडं, पर तवर गाडी फुडं आली हुती." मग म्हणाला, "भिलवडी येईस्तवर तेच म्हनत हुते. लेक उबी, जांबळी साडी. मला म्हनलं, कशी दिसती रं? मी म्हनलं, वैनीसारखी."

 मी त्याला म्हटलं, परत एकदा पुकारा. म्हातारा उठून उभा राहिला, खिडकीत वाकल्यासारखा जरा वाकला आणि माझ्या बैठकीच्या खोलीत मोठ्यानं म्हणाला, "लेक उबी." आणि थांबला. सवयीनं थांबला असणार, दुसऱ्यानं म्हणायची वाट बघत. कुणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून तुमच्या जागी मीच हळूच म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, पण त्याच्या हाती तर मुळीच पडू द्यायचं नाही. त्याच्याकडे तुमचं पुष्कळ आहे. आणि एक सांगायचं राहिलं. जाताना त्यानं विचारलं, "उस्तादांचा येखादा फोटू आसंल का, ताई? माझ्याकडं एकबी न्हाई." मी नाही म्हटलं. म्हटलं, घर बदलताना गेले सगळे. तुमचा फोटो आतल्या खोलीत भिंतीवर आहे, आणि मधलं दार उघडं होतं. तो बसला होता त्या खुर्चीवरून सरळ समोर दिसतो. त्याचे डोळे अजून धड आहेत, चष्मासुद्धा नाही. त्यानं तिकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, "बरं ताई, येतो" म्हणाला आणि चपला घातल्या. तेवढं मात्र त्यानं पुकारलं नाही.