रिकाम्या पट्ट्याचा ताल

बाबूजी, परवा तुमच्या धानाच्या मिलचा आवाज माझ्या बैठकीत ऐकू आला. बाईचा मुलगा, माझा भाचा, नागपूरहून आला होता. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता, आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आहेत. जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा त्याला नाद आहे. माझ्या कपाटातून त्याने ती एकच कॅसेट शोधून काढली आणि लावली. आधी मिलच्या पट्ट्याची टकटक आली, मग माझा ड्रम, मग गिटार. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. शहापूरला मिलच्या जागेवर आता हायवेच्या कडेला ढाबा आहे. तिथून जाताना मला काही होत नाही. इथे मात्र घरात बसल्या बसल्या नाकात कोंडा गेल्यासारखं झालं.

तुम्हाला आमचा बँड कधी बँड वाटला की नाही, मला माहीत नाही. तुम्ही त्याला गोंगाटच म्हणायचात. आम्ही चौघे होतो. मामाचा मोठा मुलगा गिटार वाजवायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राने एका साध्या गिटारला कुठले कुठले भाग जोडून तिचा आवाज लाऊडस्पीकरमधून काढला होता. तो स्वतः दुसऱ्या तशाच गिटारवर जाड तारा लावून वाजवायचा. टेलरचा मुलगा गायचा. आणि लग्नाच्या बँडवाल्याने टाकून दिलेला मोठा ढोल, दोन डग्गे आणि एक पितळी थाळी एवढं माझ्याकडे होतं. शॉर्टवेव्हवर कधीमधी ऐकू येणाऱ्या परदेशी पोरांसारखं आम्हाला वाजवायचं होतं. लोकांना सिनेमातली गाणी हवी असत. आमची गाणी आमचीच होती, आपल्या बोलीतली. 'नोको विचारू मले, कुठं चाललो मी' हे पहिलं. टेलरचा मुलगा ते असं ओरडून म्हणायचा की त्याच्या गळ्याच्या शिरा दिसायच्या.

मिलच्या मागे गुरुजींचं घर होतं. त्यांनी तक्रार केली तेव्हा आता सगळं बंद होणार असं मला वाटलं होतं. तुम्ही जेवता जेवता एवढंच म्हणालात, "मिल चालू तर तुमी चालू. मिल बंद का तुमी बंद. मिलच्या आवाजावर कोनाची तक्रार नाई." त्या दिवसापासून आम्ही मिलच्या आवाजाखाली वाजवायला लागलो. धान भरडायचा हुलर सुरू झाला की आम्ही धानाच्या पोत्यांमागे आमचं सामान लावायचो. मिल इतकी मोठ्याने चालायची की आम्हाला तिच्यावर वाजवावं लागायचं. लोक म्हणायचे, हे पोट्टे एवढे जोरात काहून वाजवतात. दुसरं काही आम्हाला येतच नव्हतं.

गावोगाव आम्हाला 'मिलवाले पोट्टे' म्हणत. बपेऱ्याच्या एका लग्नात आम्ही दुसरं गाणं सुरू केलं तेव्हा नवरदेवाचे बाबा हात जोडत आले होते. "पोट्टेहो, पोटभर जेवून जा. पन आता वाजवू नोका." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. "जेवन कसं होतं?" एवढंच विचारलंत. आई मात्र पदर तोंडाला लावून आत पळाली होती.

पहिल्या कॅसेटची गोष्ट तुम्हाला सगळी माहीत आहे, तरी लिहितो. आणीबाणी उठल्यानंतरची ती दिवाळी. मामाकडून टेपरेकॉर्डर मागून आणला होता. मिल चालू असताना वाजवलं, टेप केलं, तिथेच ऐकलं. फार छान वाटलं. टेलरचा मुलगा तर टेपला कान लावून बसला होता. अड्याळला मंडईच्या जत्रेत दुपारी नाटकाच्या स्टेजवर आम्हाला थोडा वेळ मिळाला होता. आमचं सामान लागेपर्यंत लोकांनी ऐकावं म्हणून लाऊडस्पीकरवाल्याला ती कॅसेट दिली. आणि सगळ्या मंडईत चिमण्या चिवचिवल्यासारखा आवाज निघाला. गाणं आमचंच, पण दुडूदुडू पळणारं, आणि गळा पाळण्यातल्या पोराचा. लोक पोट धरून हसले. कोणीतरी ओरडलं, "अरे, त्या लेकराले दूध पाजा रे!" त्यानंतर आम्ही वाजवलं, पण टेलरचा मुलगा तोंडातल्या तोंडात गायला.

रेडिओवाल्या मित्राने दुसऱ्या दिवशी उलगडा केला. "हुलर लोडवर आला का बल्ब पिवळा पडते ना? तसाच टेपबी सुस्त पडला. सुस्त भरला, सुस्तच ऐकला, म्हनून आपल्याले बरोबर वाटला. अड्याळले लाईट चांगली होती, तर तो पळाला." आम्हाला हसू आलं, पण टेलरचा मुलगा हसला नाही. "माह्या गळ्याचं एकच टेप, अन् त्यात मी लेकरू," तो म्हणाला. मग तो मिलकडे येईनासा झाला. पौषात त्याला भिलाईला नोकरी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो जाणार, हे मी तुम्हाला सहज म्हणून सांगितलं होतं. तुम्ही शाफ्टला तेल देत होता. तुम्ही वर पाहिलं नाही. "बोलाव त्याले," म्हणालात.

तो ऐन हंगाम होता. अंगणात धानाच्या बैलबंड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. आणि तुम्ही मिल बंद केली. ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. तुम्ही मेन स्विचचा दांडा खाली ओढता, पट्टा सावकाश होत थांबतो, आणि बाहेरच्या बैलांच्या घंटा ऐकू यायला लागतात.

"काहून बा, बिघडली का मिल?" एक म्हातारे शेतकरी दारात आले.

"बिघडली नाई. पोट्ट्याइचं गानं भरून राहिलं टेपात."

"मंग आमी धान घेऊन काय नाचाचं का?"

"नाचा. आंगन मोकळंच आहे."

टेप सुरू झाला. मी काठ्या आपटून ताल दिला आणि दोन ओळींतच सगळं फिसकटलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी कधी पुढे पळत होतो, कधी मागे पडत होतो. गिटारवाला माझ्याकडे पाहत होता. टेलरच्या मुलाने डोळे मिटून घेतले होते. दारात आता माणसांची गर्दी झाली होती. इतकी शांतता आम्ही वाजवताना कधी ऐकलीच नव्हती.

तुम्ही स्विचजवळून विचारलंत, "काय झालं?"

"ताल धरता येत नाही, बाबूजी."

"काहून? रोज तर येते."

मला सांगायची लाज वाटत होती. पण सांगितलं. "पट्ट्याचा जोड पुलीवरून जाताना टक् करतो. मी त्यावर वाजवतो. पट्टा बंद आहे."

मला वाटलं, आता तुम्ही रागावाल, इतक्या लोकांना ताटकळत ठेवलं म्हणून. तुम्ही लाकडी दांडा घेतला, पट्टा हुलरच्या पुलीवरून बाजूच्या मोकळ्या पुलीवर सरकवला आणि मोटर सुरू केली. शाफ्ट फिरायला लागला, पट्टा फिरायला लागला, हुलर मात्र जागच्या जागी उभा. तुम्ही वर बोट दाखवून म्हणालात, "बल्ब पाय. पांढरा आहे. वाजव आता."

आणि टक्. टक्. टक्. आम्ही वाजवलं. टेलरचा मुलगा जसा गायला तसा तो आधी कधी गायला नव्हता. दारातले म्हातारे त्या आवाजातही ओरडून म्हणाले, "मिल चालू अन् तांदूळ नाई! हे पयल्यांदाच पाहून राहिलो बा!" ते वाक्यसुद्धा टेपमध्ये आहे, दुसऱ्या कडव्याच्या आधी. गाणं संपल्यावर तुम्ही टेलरच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवलात. "आता लेकरू नाई वाटत," म्हणालात. तो रडला. मग तुम्ही पट्टा परत हुलरवर घेतला आणि म्हाताऱ्यांच्या बंडीचं पोतं स्वतः उचललं.

त्या कॅसेटवरून त्याच्यासाठी एक उतरवून भिलाईला पाठवली होती. बँड त्यानंतर सुट्ट्यांपुरता राहिला, आणि मग तेवढाही नाही. आम्ही एकूण दोनच कॅसेट भरल्या. पहिली अड्याळच्या गर्दीत कुठे गेली कोणास ठाऊक. दुसरी ही.

परवा भाचा म्हणाला, "मामाजी, ही मागची टकटक काढून टाकता येते. गाणं एकदम साफ होईल." त्याने काढून दाखवलं. खरंच साफ झालं. मी मांडीवर बोटांनी ताल धरला आणि दुसऱ्या कडव्यात चुकलो. माझंच गाणं, बाबूजी, आणि माझाच ड्रम. मी त्याला म्हणालो, राहू दे ती. त्याने विचारलं, कोण वाजवतंय ते? मी म्हणालो, तुझे आजोबा. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. पुढे तुम्ही नवी मशीन बसवलीत, बिनपट्ट्याची. नवा शेड बांधताना खिडकीजवळचा कोपरा माझ्या ड्रमसाठी मोकळा सोडला होता. मी एकदाच तिथे बसलो. मशीन नुसती घुमत होती, तिला टक् नव्हती. मी तुम्हाला सांगितलं की सोसायटीच्या नोकरीतून वेळ मिळत नाही. वेळ मिळत होता, बाबूजी. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा विचारलं नाही. पण तुम्ही होतात तोवर, शेड धानाने कितीही भरला तरी, त्या कोपऱ्यात तुम्ही कोणाला पोतं ठेवू दिलं नाही.